ताकदीचं औषध मागायला येणारा पेशंट

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

अशोक चौकातली तुझ्या दवाखान्याची पाटी परवा जाता-जाता पाहिली, बरं वाटलं. त्याच रात्री तुझा फोन आला. एचआयव्हीचा एक पेशंट म्हणतोय, ‘गोळ्यांनी अंगात उष्णता झाली, तुमचं आयुर्वेदिक चालू करा.’ काय करू, असं तू विचारलंस. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझ्या हातून काय झालं ते ऐक. साखर पेठेतला एक विणकर, चादरीच्या कारखान्यात मागावर होता. २००९ च्या पावसाळ्यात आला. ‘डॉक्टर, काय तर ताकदीचं द्या की ओ.’ आजार त्यानं लपवला नव्हता. मी नाडी पाहिली, अश्वगंधा दिली, गुळवेल दिली. दोन महिन्यांत भूक लागायला लागली, वजन तीन किलोनं वाढलं. तो खूश, मीही खूश. सिव्हिल हॉस्पिटलच्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत का, हे मी एकदाही विचारलं नाही. माझं औषध सुरू झालं त्याच आठवड्यात त्यानं त्या बंद केल्या होत्या. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बायकोनं त्याला रिक्षातून आणलं. तोंड उघडायला सांगितलं, तर जिभेपासून घशापर्यंत दह्यासारखा पांढरा थर. घोटभर पाणी गिळताना डोळे भरून येत होते. टीबीही झाला होता. सिव्हिलला नेलं, पण होळीच्या आधीच गेला.

त्याचं वजन वाढलं होतं हे खोटं नव्हतं. फसगत तिथंच होते. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा वाढतो, माणूस मात्र कित्येक महिने धडधाकट दिसतो. ज्यानं गोळ्या सुरूच केल्या नाहीत, त्यालाही एड्सपर्यंत पोचायला बहुधा आठ-दहा वर्षं लागतात. एवढ्या काळात कुणीही पुडी दिली तरी ‘गुण आला’ म्हणायला जागा असते. विषाणू मोजायचा तर व्हायरल लोडच, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणीच, करावी लागते. भूक, झोप आणि नाडी यांतून तो कळत नाही.

आपल्यातले काही जण एड्सला ओजक्षय म्हणजे अंगातलं बळ आटणं म्हणतात, काही राजयक्ष्मा म्हणजे झिजवणारा क्षयरोग. लक्षणं जुळतात हे मलाही मान्य. पण मला विचारशील तर आपल्या शास्त्रातला नेमका शब्द ‘याप्य’ आहे. मुळापासून जात नाही, पण उपचार चालू आहे तोवर आटोक्यात राहतो, तो याप्य. सुश्रुतानं पडू घातलेल्या घराला दिलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. आज या रोगाचा टेकू एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या त्या सिव्हिलच्या गोळ्या, आहे. सरकारनं ती २००४ पासून मोफत दिली. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, आणि व्हायरल लोड दबलेला राहिला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागणही होत नाही. हे सांगताना वैद्य म्हणून मला कमीपणा वाटत नाही.

‘एचआयव्हीनं एड्स होतच नाही, औषधांनीच माणसं मरतात’ असं म्हणणाराही तुला भेटेल. हे १९८७ पासून चालू आहे, पीटर ड्यूसबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञापासून. एझेडटी हे एचआयव्हीवरचं तेव्हाचं औषध मोठ्या मात्रेत देत आणि ते सोसायला फार जड जाई, म्हणून लोकांना त्यात तथ्य वाटलं. पुढे दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या सरकारनं एआरटी द्यायला चालढकल केली, आरोग्यमंत्री लसूण, बीट नि लिंबू खायला सांगत राहिल्या. त्या दिरंगाईत तीन लाखांहून जास्त जीव गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा २००८ चा अंदाज आहे.

आता तुझ्या पेशंटचं. त्याला परत पाठवू नकोस. तुझ्याकडे तो आला, कारण तू त्याचं ऐकून घेतोस. ‘उष्णता’ म्हणजे नेमकं काय, ते खोदून विचार. झोप मोडते? पोटात जळतं? अंगावर पुरळ आहे? त्यावर एआरटी सेंटरचे डॉक्टर औषध बदलू शकतात, पण त्यांना ते कुणी सांगायला हवं ना. आणि तुझ्या कपाटातल्या भस्मांकडे लक्ष दे. एआरटीच्या त्या एका गोळीत डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं. लोह आणि कॅल्शियम त्याला आतड्यात धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. लोहभस्म लोखंडाचंच आणि शंखभस्म कॅल्शियमचंच. द्यायचंच झालं तर सेंटरला विचारून दे, आणि एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायला सांग. घटक न लिहिलेल्या पुड्या तो कुठून आणत असेल तर त्या बंद करायला लाव, अशा काही पुड्यांत स्टेरॉइड निघतं.

त्याचं निदान तुझ्या कंपाउंडरलाही कळता कामा नये. २०१७ च्या कायद्यानंही त्याला हे संरक्षण दिलं आहे.

सोमवारी सकाळी दहाला सिव्हिलच्या गेटपाशी ये. एआरटी सेंटरच्या समुपदेशकांशी तुझी ओळख करून देतो. त्या पेशंटची तयारी असेल तर त्यालाही घेऊन ये, त्याचं हिरवं पुस्तक का कार्ड जे असेल ते आणि उरलेल्या गोळ्यांची बाटली सोबत असू दे. किती गोळ्या उरल्यात ते आपण तिथंच मोजू.

तुझा,
काका