वाचक विचारतात : रानपिंगळ्याच्या पायातली खोटी चिठ्ठी

प्रश्न : आमच्या शहाद्याजवळ रानपिंगळा ‘११३ वर्षांनी सापडला’ असं सांगतात. सातपुड्यात तो होताच ना? मग हरवला होता कोणाला? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

रानपिंगळा हे छोटं घुबड. पक्षी जागेवरच होता. त्याचा पत्ता अभ्यासकांकडून हरवला होता, आणि त्यात मोठा वाटा संग्रहालयातल्या नमुन्याच्या पायाला बांधलेल्या एका खोट्या चिठ्ठीचा होता.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात मिळवला. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जातीला ब्लेविट यांचंच नाव दिलं. पुढे मुलकी सेवेतले अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी तेव्हाच्या खानदेशात, शहादा-तळोदा परिसरात, काही नमुने जमवले. १८८४ नंतर १९९७ पर्यंत खात्रीची एकही नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून, भराव घालून जपलेली कातडी उरली फक्त सात.

या सातांपैकी एकावर रिचर्ड माइनर्ट्झहागन यांची चिठ्ठी होती : १९१४, मांडवी, तापीकाठ, गुजरात. हे लष्करी अधिकारी आणि नावाजलेले संग्राहक. १९५४ साली त्यांनी आपली सुमारे २०,००० कातडी ब्रिटिश म्युझियमला दिली. त्यामुळे चिठ्ठीवर शंका घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून शोधाचा रोख मांडवीकडे वळला, आणि तिथे काहीच मिळेना.

१९९० च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी दक्षिण आशियाचे जुने नमुने पुन्हा तपासायला घेतले. माइनर्ट्झहागन यांच्या काही नमुन्यांवरची माहिती खोटी असल्याचं ॲलन नॉक्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं होतंच. मांडवीचं कातडं मुळात डेव्हिडसन यांनी जमवलेलं निघालं! संग्रहालयातूनच चोरलेलं, आतला भराव बदलून नव्या चिठ्ठीनिशी परत दिलेलं. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवी सोडून खऱ्या जागा धरल्या. आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोधलं, तिथे दिसला नाही. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा रानपिंगळा समोर बसलेला मिळाला. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, म्हणूनच हे जमलं.

प्रश्न : भराव बदलला, चिठ्ठी बदलली, तरी चोरी ओळखता कशी आली? (प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

त्यासाठी कातडं कसं तयार करतात ते आधी पाहू. छातीच्या हाडापासून गुदद्वारापर्यंत एक चीर देतात. पायाचं हाड गुडघ्यापाशी तोडून धड सोडवतात, शेपटीचं मूळ कातड्यालाच ठेवतात. मग मोज्यासारखं उलटं करत डोक्यापर्यंत जातात. कवटीच्या मागच्या बाजूने मेंदू काढतात, डोळे काढून खोबणीत कापूस भरतात. पंखातलं मांस खरवडतात, पण हाडं ठेवतात. पूर्वी आतून आर्सेनिकचा विषारी साबण लावत. मग काडीवर कापूस गुंडाळून धडाच्या मापाचा भराव घालतात आणि चीर शिवतात. पाय बांधून त्यांना चिठ्ठी अडकवली की कागदाच्या पट्टीत वाळत ठेवतात. चरबी नीट निघाली नाही, तर पुढे तेल झिरपून कातडं पिवळं पडतं आणि फाटतं. भराव जास्त झाला तर मान ताणून लांब होते, आणि तिथलं माप घेण्यात अर्थ उरत नाही.

यातलं प्रत्येक काम माणसागणिक वेगळं होतं : हाड कुठे तोडलं, कवटी किती उघडली, पंख आतून बांधले की नाही, टाका कसा घातला. कापूस आणि दोरा बदलता येतो, तोडलेलं हाड पुन्हा जोडता येत नाही. मांडवीच्या कातड्याचे एक्स-रे काढून डेव्हिडसन यांच्या बाकीच्या नमुन्यांशेजारी ठेवले, तेव्हा हात एकाच माणसाचा दिसला. जुन्या टाक्यांच्या, भरावाच्या खुणाही होत्याच.

संग्रहालयात जुनी कातडी हाताळणार असाल तर हातमोजे घालाच. शंभर वर्षांनंतरही आर्सेनिक तिथेच असतं.

प्रश्न : मेळघाटात जाणार आहोत. साधा पिंगळा आणि रानपिंगळा वेगळा कसा ओळखावा? (अमरावती)

आधी डोकं पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं करडं-तपकिरी असून ठिपके पुसट किंवा नसल्यासारखे. मग छाती : वरचा भाग जवळजवळ एकसंध तपकिरी, खाली पोट स्वच्छ पांढरं. पंख-शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसं, चोच आणि नख्या थोराड. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर, जवळपास साध्या पिंगळ्याएवढीच, म्हणून आकारावर विसंबू नका. तो दिवसा शिकार करतो, विरळ सागाच्या जंगलात उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी झटकन डाव्या-उजव्या बाजूला हलवतो. पाठमोऱ्या एका फोटोवर नाव ठरवू नये, चुका तिथेच होतात.

ध्वनिमुद्रित आवाज लावून त्याला बोलावू नका. ऑक्टोबर ते मे हा विणीचा काळ. हद्द राखायला नर ढोली सोडून येतो आणि पिल्लांचं खाणं चुकतं. तारीख, वेळ, नेमकी जागा, झाड, आणि डोकं व छाती दिसेल असे फोटो, इतकं वन विभागाला द्या. ढोलीचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

प्रश्न : पिंगळा ओरडला की अशुभ, हे कुठून आलं? (सातारा)

आपल्याकडे याची दुसरी बाजूही आहे. पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत दारी येणाऱ्या जोशालाही ‘पिंगळा’च म्हणतात. या पक्ष्याची भाषा त्याला कळते आणि तो पुढचं सांगतो, असं लोक मानत आले. भविष्य सांगणारा म्हणून मान आणि वाईट बातमी आणणारा म्हणून भीती, दोन्ही त्याच समजुतीतून येतात. याच भीतीपोटी आणि करणी-जादूटोण्यासाठी घुबडं आजही मारली जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा गुन्हा आहे. कोणी पक्षी किंवा अंडी विकताना दिसलं, तर स्वतः विकत घेऊन सोडवायला जाऊ नका. त्याने मागणी वाढते, आणि ताब्यात ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावरही येऊ शकतो. थेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवा.