‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ असं बायबल सांगतं, तर कॅथलिक चर्च पर्यावरण जपायला का सांगतं?

घोळ होतो तो बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातलं हे एकच वचन (१:२८) सुटं वाचल्यामुळे. लगेच पुढे, २:१५ मध्ये, देव माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवतो. कॅथलिक शिकवणीत ही दोन्ही वचनं एकत्रच वाचली जातात: सृष्टी देवाची, माणूस तिचा राखणदार.

चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४१५) हा विषय दहा आज्ञांपैकी ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेखाली येतो, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पाणी, जमीन, खनिजं ही पुढच्या पिढ्यांचीही आहेत. ती नासवणं म्हणजे त्यांचा वाटा हिरावणं. प्राण्यांना विनाकारण यातना देणंही निषिद्ध (२४१८). मात्र निसर्ग म्हणजे देव नव्हे, त्याची पूजा करायची नाही.

पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं परिपत्रक (शिकवण देणारं जाहीर पत्र) ‘लाउदातो सी’ पर्यावरणाची हानी आणि गरिबांचे हाल एकाच संकटाच्या बाजू मानतं. त्यातला परिच्छेद २११ जरूर वाचा. प्लास्टिक टाळा, पाणी कमी वापरा, कचरा वेगळा करा, खपेल तेवढंच रांधा, झाडं लावा, नको असलेले दिवे बंद करा, इतकं थेट लिहिलंय.