वरच्या सुरांत जीभ अडखळतेय? आधी फुंक बघ

क्लॅरिनेटवर खालचे सूर स्वच्छ येतात आणि अंगठ्याची रजिस्टर की, म्हणजे वरचे सूर काढायची कळ, दाबली की प्रत्येक सुराआधी 'टक्' किंवा चिरका आवाज येतो, असं लिहिलंयस. घाबरू नकोस, सगळ्यांचं होतं. सोलापुरात वरातीच्या बँडमध्ये शिकलेल्यांचं तर जास्तच, कारण ताशाच्या वर ऐकू जायचं म्हणून आपण जीभ आपटायला शिकतो. मीही तेच करायचो.

जीभ हवा थांबवत नाही, फक्त रीडच्या, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पातळ पट्टीच्या, टोकाला शिवून बाजूला होते. फुंक अखंड हवी. नवशिक्यांची फुंक दर सुराला तुटते, खरी गोम तिथे आहे.

रोज दहा मिनिटं एवढंच कर:

- लिहिलेला खालचा सा, म्हणजे सी, लांब धर. फुंक न तोडता जिभेने 'द-द-द'. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, ठोक्याला एक 'द'.
- बोटं तशीच ठेवून रजिस्टर की दाब. वरचा जी, म्हणजे प, येईल. जीभ तितकीच हलकी, आतून मात्र 'ई' म्हणताना असते तशी उंच.
- आरशात बघ, हनुवटी हलतेय का? हलत असेल तर वेग कमी कर.

सूर चढला की दातांनी रीड आवळायची नाही. अडीच नंबरपेक्षा कडक रीडही आत्ता नको. आणि आपला एप्रिल-मे! रीड पाच मिनिटांत सुकते, मग जिभेला उगाच दोष. वाजवण्याआधी ती नीट ओली कर.

दुहेरी जिभेचं, म्हणजे जलद सुरांसाठी 'त-क त-क' करण्याचं, नंतर बघू.