आजी ९४व्या वर्षी गेली, अर्धं जग फिरलेली. पाच मिनिटांत तिच्याबद्दल काय बोलू?

घरचे सगळे जमतील तेव्हा आजीबद्दल बोलायचं काम तुमच्यावर आलंय, आणि ती फिरली त्या देशांची यादी वाचू का, असं तुम्ही विचारलंय. नका वाचू. यादी सुरू झाली की लोक देश मोजत बसतात, आजी बाजूलाच राहते.

माझी आजी गेली तेव्हा मीही यादीच करायला बसलो होतो आणि एका नोंदीवर अडकलो. ती नेहमी सांगायची, की बोटीच्या कठड्याला टेकून तिने सुएझ कालव्याच्या काठाने चाललेले उंट बघितले. काठ इतके जवळ, की बोट वाळूतूनच चाललीय असं वाटायचं. हा प्रवास म्हणजे आजोबांबरोबरची इंग्लंडची बोट, १९६९, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पासपोर्टवर शिक्काही १९६९चाच. पण जून १९६७च्या युद्धात सुएझ बंद पडला तो थेट जून १९७५मध्ये उघडला. मधली आठ वर्षं बोटी केप ऑफ गुड होपवरून, आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या. मग उंट आले कुठून?

मामा म्हणाला, "वय झालं होतं तिचं, कुठेतरी वाचलेलं डोक्यात बसलं असेल." मलाही ते पटलं, कबूल करतो. तरी आजीच्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, ती त्याआधी एकदा गेली होती ना! एकटी." १९६४मध्ये. आजोबा तिकडे शिकायला गेले होते, तिथे आजारी पडले, आणि दोन लहान मुलांना बहिणीकडे ठेवून आजी निघाली. तेव्हाचा पासपोर्ट घरात नाहीच. त्या प्रवासातलं ती एवढंच सांगायची, उंटांचं. बाकी अवाक्षर नाही.

मी पाच मिनिटं तेवढंच बोललो.

तेव्हा आधी कागद काढा. जुने पासपोर्ट, पत्रांवरचे टपालाचे शिक्के, फोटोंची मागची बाजू. साल नसेल तर देशांच्या, शहरांच्या नावांवरून अंदाज येतो: सिलोनचं श्रीलंका १९७२मध्ये झालं, लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग १९९१मध्ये. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. आधी पानासकट मोबाईलवर टिपून घ्या. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. (आमच्याकडे एका उत्साही भाच्याने आजीच्या कपाळावर स्वतःची सही उमटवून ठेवलीय.)

आणि आजीच्या बरोबरीचं जे कोणी हयात असेल, त्यांना याच आठवड्यात फोन करा. "ती कशी होती?" विचारलंत तर "फार प्रेमळ" एवढंच मिळेल. एखादा फोटो समोर धरून "हा कोणी काढला?" विचारा. आजीची एखादी गोष्ट तारखेशी जुळत नसेल, तर ती खोडायची घाई करू नका.

असं काही हाती लागलंच तर ज्याच्याशी त्याचा संबंध आहे त्याला आधी एकट्याला सांगा. बहिणीकडे ठेवलेल्या त्या दोन मुलांतला एक मामा होता, तेव्हा दोन वर्षांचा. मी त्याला आदल्या रात्री सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशीचा नंबर दे."