छोट्या पार्लरसाठी परवडणारी स्किनकेअर रेंज निवडताना

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या नव्या पार्लरसाठी कोणती स्किनकेअर रेंज घ्यावी, हे विचारताना तू तीन कंपन्यांची दरपत्रके सोबत पाठवली आहेस आणि त्यातल्या सर्वांत स्वस्त रेंजभोवती खूण केली आहेस. ती रेंज वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु नुसत्या दरपत्रकावरून ती स्वस्त आहे असेही म्हणता येत नाही, कारण पार्लरमध्ये आपण बाटली विकत नाही, सिटिंग विकतो. म्हणून एका सिटिंगला किती माल लागतो आणि त्याचा खर्च किती येतो, हाच खरा भाव धरायला हवा.

एक साधा हिशेब मांडून दाखवते. दोन क्लिंझर आहेत, दोन्ही २०० मिलिलिटरचे. पहिल्याची किंमत १०० धर आणि दुसऱ्याची १५०. पहिला पातळ आहे, तो दोनदा लावल्याशिवाय मेकअप निघत नाही आणि एका चेहऱ्याला ८ मिलिलिटर जातो. म्हणजे बाटलीत २५ चेहरे होतात आणि प्रत्येक चेहऱ्याचा खर्च ४ येतो. दुसरा ४ मिलिलिटरमध्ये काम करतो. त्याच मापाच्या बाटलीत ५० चेहरे होतात आणि खर्च ३ येतो. दीडपट महाग वाटणारी बाटली इथे स्वस्त ठरली. हे प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही, परंतु मोजल्याशिवाय ते कळणारही नाही. त्यासाठी ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा पुरतो. मसाज क्रीमची बरणी सिटिंगच्या आधी काट्यावर ठेव, काम झाल्यावर पुन्हा ठेव आणि दोन्हींतला फरक वहीत लिही. वेगवेगळ्या ग्राहकांच्या आठ-दहा सिटिंगच्या नोंदी झाल्या की सरासरी हाती येते, आणि मग विक्रेता ‘एका बरणीत इतके फेशियल होतात’ असे सांगतो त्यावर विसंबून राहावे लागत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे वाया जाणारा माल, आणि छोट्या पार्लरचे बहुतेक नुकसान तिथेच होते. मोठी बरणी घेतली की ग्रॅममागे दर कमी पडतो, हे खरे आहे. परंतु बरणीवर उघड्या झाकणाच्या डबीचे एक छोटे चिन्ह असते आणि त्यावर ६एम किंवा १२एम असे लिहिलेले असते. उघडल्यानंतर ते उत्पादन किती महिने वापरावे, हे ते सांगते. समज, ५०० ग्रॅमच्या पॅकवर ६एम आहे, एका सिटिंगला १५ ग्रॅम लागतात आणि ती सेवा तुझ्याकडे महिन्याला तीनच जणी घेतात. सहा महिन्यांत २७० ग्रॅम वापरले जातील आणि २३० ग्रॅम फेकून द्यावे लागतील. म्हणजे ३३ सिटिंगसाठी घेतलेला माल १८ सिटिंगमध्ये संपला आणि प्रत्येक सिटिंगचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. अशा क्वचित मागितल्या जाणाऱ्या सेवेसाठी एका वापराचे सॅशे महाग दिसले तरी तेच परवडतात. रोज लागणाऱ्या क्लिंझरचा आणि मसाज क्रीमचा मात्र मोठा पॅक अवश्य घे.

आता पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत, याविषयी. जे धुऊन किंवा पुसून टाकायचे आहे त्यावर कमी खर्च करावा आणि जे त्वचेवर राहणार आहे त्यावर जास्त, हा नियम मी कायम पाळत आले आहे. क्लिंझर चेहऱ्यावर मिनिटभर राहतो. त्यात व्हिटॅमिन सी किंवा मोत्यांचा अर्क असल्याबद्दल जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. क्लिंझरकडून एवढीच अपेक्षा ठेव की त्याने मळ काढावा आणि त्वचा ओढल्यासारखी करू नये. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ४.७ ते ५.५ असतो आणि पारंपरिक साबणाचा ९ ते १० च्या आसपास; म्हणून सौम्य आम्लधर्मी क्लिंझर निवडावा. पीएच पट्टीने तो घरीही तपासता येतो.

मसाज क्रीमच्या बाबतीत बोटे किती वेळ सहज फिरतात, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. पंधरा मिनिटांच्या मसाजमध्ये पाचव्या मिनिटाला क्रीम मुरून गेले, तर तू पुन्हा बरणीत हात घालणार आणि मघाचा हिशेब बिघडणार. खनिज तेलावर बेतलेली साधी क्रीम्स या कामाला चांगली असतात, स्वस्त असतात आणि त्यांची ॲलर्जी क्वचितच होते. त्यांच्याविषयी पुष्कळ गैरसमज पसरलेले आहेत, तू त्यांना भिऊ नकोस. मात्र खूप तेलकट किंवा मुरुमांच्या त्वचेवर मसाज लांबवू नये आणि नंतर क्रीम नीट पुसून काढावे.

वाचलेले पैसे सीरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन या तिघांवर लाव. सीरम एकच घ्यायचे असेल तर नायसिनामाइडचे, म्हणजे व्हिटॅमिन बी३च्या एका रूपाचे, घे. ते चार ते पाच टक्क्यांना चांगले काम करते, बहुतेक प्रकारच्या त्वचेला मानवते आणि बाटलीत टिकते. व्हिटॅमिन सीचे शुद्ध रूप, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, गुणी आहे यात शंका नाही. परंतु पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत हवा आणि उजेड लागला की ते बिघडत जाते आणि सीरम आधी पिवळे, मग तपकिरी होते. जिथे एक बाटली महिनोन्‌महिने पुरणार आहे अशा लहान पार्लरला ते परवडत नाही. सनस्क्रीन उन्हातल्या यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्ही अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे असावे. प्रयोगशाळेत त्याची चाचणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून होते आणि त्या प्रमाणात एसपीएफ (यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आकडा) ३० सुमारे ९७ टक्के, तर एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी किरण अडवते. प्रत्यक्षात लोक याहून पुष्कळ कमी लावतात. म्हणून आकडा वाढवण्यापेक्षा, चेहऱ्यावर पांढरट थर न ठेवणारे आणि ग्राहकाला पुरेसे लावावेसे वाटेल असे सनस्क्रीन शोधणे जास्त उपयोगाचे आहे.

लेबल वाचण्याची सवय तुला लावून घ्यावी लागेल, आणि ते वाटते तितके कठीण नाही. बरणीच्या मागच्या बाजूची घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही एक टक्क्याची रेघ छापलेली नसते, परंतु ती ओळखण्याची एक युक्ती आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल जंतूंनी खराब होऊ न देणारा घटक, सहसा एक टक्क्यापर्यंतच घातले जाते, म्हणून त्याच्यानंतर जी नावे येतात ती बहुधा एक टक्क्याच्या आतली असतात. आता एखादे सोन्याचे किंवा मोत्याचे फेशियल किट हातात घेऊन पाहा. समोर चकचकीत चित्र असते. मागे पहिले पाणी, मग ग्लिसरीन, मग क्रीम घट्ट करणारे मेदयुक्त अल्कोहोल, मग फिनॉक्सिइथेनॉल, मग सुगंध, आणि सर्वांत शेवटी ते सोने किंवा मोती. अशा किटचा जास्तीचा भाव त्या चित्राचा असतो. अर्थात शेवटी आलेला प्रत्येक घटक निरुपयोगी असतो असे समजू नकोस. हायलुरॉनिक ॲसिड आणि रेटिनॉल एक टक्क्याच्या आतही काम करतात.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे अभिमानाने लिहिलेली, पाण्यावर बेतलेली क्रीम पार्लरसाठी घेऊ नकोस. घरी एक बरणी एकच व्यक्ती वापरते, पार्लरमध्ये तीच बरणी दिवसभर उघडझाप होते, आणि मदतनीस मुलीचे ओले बोट एकदा जरी त्यात गेले तरी जंतूंना पाणी आणि अन्न दोन्ही मिळते. बरण्यांमधून माल नेहमी कोरड्या स्पॅट्युलाने बाउलमध्ये काढावा आणि बाउलमध्ये उरलेला परत बरणीत घालू नये. पंपाच्या बाटल्या मिळत असतील तर त्याच घ्याव्यात. पॅराबेन या नावाने ग्राहक दचकतात, परंतु ॲलर्जीच्या दृष्टीने ते सर्वांत निरुपद्रवी प्रिझर्व्हेटिव्हांपैकी आहेत. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१९ साली त्यांना ‘नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर’ म्हटले होते. याउलट मिथाइलआयसोथायझोलिनोन हे नाव त्वचेवर राहणाऱ्या क्रीममध्ये दिसले तर ती बाजूला ठेव. त्याच संस्थेने २०१३ साली त्याला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवले आणि युरोपीय संघाने २०१७ पासून अशा उत्पादनांत त्यावर बंदी घातली. तीव्र सुगंधाबाबतही हेच. सुगंध फुलांच्या तेलाचा आहे म्हणून तो सौम्य ठरत नाही, आणि ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दामागे सर्वत्र मान्य असा एकच निकष नाही.

एका बाबतीत मी तुला कडकपणे सांगणार आहे. तीन दिवसांत गोरेपणा देणारी, पूर्ण घटकयादी नसलेली, कुणीतरी ओळखीने आणून दिलेली क्रीम कितीही स्वस्त असली तरी पार्लरमध्ये येऊ देऊ नकोस. अशा क्रीममध्ये पारा, तीव्र स्टेरॉइड किंवा हायड्रोक्विनोन हे त्वचा उजळवणारे औषध सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त पारा असलेली सौंदर्यप्रसाधने २०२० पर्यंतच बंद व्हायची होती, तरी ती अजून विकली जातात. लेबलवर ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरस क्लोराइड’ असे लिहिलेले असेल तर तो पाराच आहे. स्टेरॉइडच्या क्रीमने आठवड्याभरात चेहरा खुलतो, ग्राहक खूश होतात, आणि वापर लांबला की त्वचा पातळ होते, लाल पडते आणि क्रीम थांबवताच पेटून उठते. तो चेहरा तुझ्या हाताखालून गेलेला असेल.

पील, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा मृत थर काढणे, हवेच असेल तर ते शिकल्याशिवाय करू नकोस. सौंदर्यप्रसाधनांचे घटक तपासणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिडसाठी घरगुती वापराला १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३.५ अशी मर्यादा सांगितली आहे. प्रशिक्षित हातांनी थोडा वेळ लावून धुऊन टाकण्यासाठी ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३. त्यामुळे विक्रेत्याला टक्केवारीबरोबर पीएचही विचार. त्याला तो सांगता आला नाही तर ते पील घेऊ नकोस. या ॲसिडनंतर त्वचा उन्हाला आठवडाभर जास्त संवेदनशील राहते, हे ग्राहकाला लेखी दे. सावळ्या आणि गडद त्वचेवर जोरात घासलेला स्क्रब किंवा कडक पील काळे डाग मागे ठेवू शकते, म्हणून तिथे नेहमी सौम्य बाजूने सुरुवात करावी.

सगळे एकाच कंपनीचे घेतले तरच गुण येतो, असे तुला सांगितले जाईल. त्वचेला कंपनी कळत नाही. मात्र हिशेब, प्रशिक्षण आणि मागवणे सोपे जाते म्हणून रोजचा पाया एका रेंजमधून घ्यावा आणि सनस्क्रीन, सीरम यांसारख्या वस्तू जिथे चांगल्या मिळतील तिथून घ्याव्यात. सुरुवातीला दोन क्लिंझर, मृत त्वचा काढणारा एक सौम्य एक्स्फोलिएटर, एक मसाज क्रीम, तेलकट त्वचेसाठी मातीचा पॅक, कोरड्या त्वचेसाठी ओलावा देणारा पॅक, एक सीरम, एक जेल आणि एक क्रीम असे दोन मॉइश्चरायझर आणि एक सनस्क्रीन एवढे पुरेसे आहे. प्रत्येक वस्तू कोणावर कशी वागते हे तुला तोंडपाठ असावे. फळीवर चाळीस डबे मांडून ते साधत नाही.

डिस्ट्रिब्युटरशी बोलताना दराच्या आधी चार गोष्टी विचार. कमीत कमी किती माल घ्यावा लागेल. संपल्यावर किती दिवसांत मिळेल. मोठ्या सलून पॅकवर पूर्ण घटकयादी, बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते का. आणि फुटलेला किंवा एक्स्पायरी जवळ आलेला माल बदलून मिळतो का. दहावर दोन मोफत अशा स्कीमचा मोह होतो, परंतु त्या दोन बरण्या तुझ्या वापराच्या वेगात संपणार आहेत का, हे वहीत पाहून मगच होकार दे. पहिल्या मागणीत कोणतीही वस्तू दोन-तीन महिन्यांच्या वापरापेक्षा जास्त घेऊ नकोस.

मागणी देण्याआधी नमुने मागवून घे आणि तेलकट, कोरडी, मिश्र आणि संवेदनशील अशा त्वचेच्या ओळखीतल्या व्यक्तींवर, त्यांच्या संमतीने, चार ते सहा आठवडे वापरून पाहा. त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या सिटिंगनंतरचा ग्लो हा पुरावा धरता येत नाही. चेहऱ्यावर लावण्याआधी प्रत्येकीची पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा माल लावून ॲलर्जी होते का ते पाहणे, कोपराच्या आतल्या बाजूला कर आणि ४८ तासांनी पाहा. शक्य असेल तर चौथ्या दिवशीही पाहा, कारण काही ॲलर्जी उशिरा उमटतात.

तू खूण केलेल्या रेंजच्या दरपत्रकात मॉइश्चरायझरची आणि सनस्क्रीनची घटकयादी नाही. ती मागवून घे, आणि तिन्ही रेंजच्या बरण्यांच्या मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो मला पाठव. तोपर्यंत क्लिंझर आणि मसाज क्रीम यांचे नमुने वजनकाट्यावर मोजायला सुरुवात केलीस तर पुढच्या पत्रात आपल्याला आकड्यांवर बोलता येईल.

तुझी,
बाई