फ्लॅट भाड्याने देताना अकरा महिन्यांचं नोटरी ॲग्रीमेंट पुरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गुंतवणूक म्हणून वन बीएचके घेतलाय, पहिल्यांदाच भाड्याने देताय, भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,००० ठरतंय. एजंट म्हणतो, "नोटरी करून टाकू, रजिस्टर कशाला?" शिवाय भाडं बरोबर आहे का आणि फर्निचर करून द्यावं का, हेही विचारलंय.

नोटरी पुरत नाही. हे वाक्य गेली काही वर्षं मी माझ्या मेव्हण्यांना प्रत्येक सणाला ऐकवतोय, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

अकरा महिन्यांचं खूळ कुठून आलं ते आधी बघा. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोक वर्षाच्या आत राहायला लागले. महाराष्ट्रात त्यात आणखी एक भीती मिसळली. जुन्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेले लायसन्सी (भाडेपट्ट्याऐवजी फक्त वापराच्या परवानगीवर राहणारे) थेट संरक्षित भाडेकरू झाले आणि कित्येक मालकांच्या जागा कायमच्या अडकल्या. तेव्हापासून "अकरा महिने, स्टॅम्पपेपर, नोटरी" हा मंत्र घरोघरी चालत आलाय. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि त्याच्या कलम ५५ ने मंत्रातली हवा काढली. करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, मग मुदत अकरा महिने असो की पाच. रजिस्टर करण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेव्हणे इथे म्हणतात, "कोणाला झालीय कैद?" मुद्दा कैदेचा नाहीच. त्याच कलमात पुढे आहे की करार रजिस्टर नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जाईल, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो, ते तुमच्याच आकड्यांवर मांडतो. अकरा महिने संपले, माणूस हलत नाही. तुमच्याकडे नोटरीचा कागद आहे. तो म्हणतो, पाच वर्षांचं तोंडी ठरलं होतं, डिपॉझिट दीड लाख दिलंय, त्यातलं एक लाख रोख. आता खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. दिवाणी दावा, तारखा, आणि तोवर तो तुमच्या घरात.

रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स (वापराच्या परवानगीचा करार) असेल तर याच कायद्याचं कलम २४ हाताशी येतं. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन 'मला लढायची परवानगी द्या' अशी कारणं दाखवायची. ती दिली नाहीत, किंवा पटली नाहीत, तर ताबा सोडण्याचा आदेश. त्यावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे आदेश कायद्याला धरून आहे का एवढीच वरून तपासणी. आणि लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा. वर, मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई, म्हणजे तुमच्या बाबतीत महिना ३६,०००. हा आकडा पुष्कळदा नोटिशीतच काम करून जातो.

आणि रजिस्टर टाळून वाचतं किती? हिशेब करा. १८,००० गुणिले ११ म्हणजे १,९८,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, अकरा महिन्यांचं साधारण ४,५८३. बेरीज २,०२,५८३. त्याच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे पाचशे-सहाशे रुपये. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. वर हाताळणी शुल्क आणि अंगठे घ्यायला घरी मशीन घेऊन येणाऱ्याची मजुरी. नोटरीलाही स्टॅम्पपेपर आणि फी लागतेच. फरक एका हॉटेलच्या बिलाएवढा, आणि तोही रिवाजाप्रमाणे दोघांत निम्मा-निम्मा.

एजंट नोटरी का सुचवतो? नोटरी दहा मिनिटांत होते आणि ब्रोकरेज त्याच संध्याकाळी मिळतं. रजिस्टरसाठी मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार या सगळ्यांचे आधारवर अंगठे जुळवावे लागतात, आणि ज्येष्ठ माणसांचे ठसे हमखास जुळत नाहीत. (आईवडिलांच्या नावावर फ्लॅट असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक अपडेट करा आणि आधार लॉक केलंय का तेही बघा.) मालकांनाही नोटरी आवडते त्याचं कारण कोणी उघड बोलत नाही. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंट झालं की भाडेकरू लपवून ती घेत राहता येत नाही. मेव्हण्यांचं खरं दुखणं हेच. वर्षाचे काही हजार वाचवायला साठ लाखांची वस्तू उघड्यावर ठेवायची, हा हिशेब मला कधीच कळलेला नाही.

ॲग्रीमेंट करताना जिथे चुकतं ते सांगतो. तुमच्या खरेदीच्या इंडेक्स टूवर (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) नवरा-बायको दोघांची नावं असतील तर लायसन्सर (परवानगी देणारे मालक) म्हणून दोघेही हवेत. फ्लॅट नंबर, विंग, सर्व्हे नंबर इंडेक्स टूवरूनच उतरवा, बिल्डरच्या जाहिरातीवरून नको. शब्द लायसन्सर, लायसन्सी आणि लायसन्स फी हेच ठेवा. महिन्याच्या पावतीवर किंवा मेसेजमध्ये 'भाडे मिळाले' लिहू नका, नाहीतर 'मी लायसन्सी नाही, भाडेकरू आहे' म्हणायला समोरच्याला जागा मिळते. किती महिने पैसे थकले की लायसन्स रद्द होईल ते आकड्यात लिहा. लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडायचा नाही ही अट) घातलंत तर तो तुम्हालाही बांधतो, हे लक्षात असू द्या. डिपॉझिट पूर्ण बँकेतून घ्या. मुदत संपायच्या आधीच नवं ॲग्रीमेंट करा. सगळ्यात घाण घोळ होतो तो जुनं संपलेलं असताना चार महिने तसेच पैसे घेत राहिल्यावर.

किल्ली देण्याच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा, गॅसच्या मीटरचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाका. गीझर, पंखे, ट्यूबलाइट मोजून यादी ॲग्रीमेंटला जोडा. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्या आणि पोच जपून ठेवा. आणि पुढे कितीही वाजलं तरी पाणी-वीज तोडू नका, कुलूप बदलू नका. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं आणि मग बरोबर असलेला मालक आरोपी होऊन बसतो.

सोसायटी 'एनओसीसाठी पाच हजार भरा' म्हणेल. आदर्श उपविधींप्रमाणे तुम्ही सोसायटीला कळवायचं आणि ॲग्रीमेंटची प्रत द्यायची, एवढंच. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. एकूण मेंटेनन्सच्या नव्हे, सेवाशुल्काच्या. सेवाशुल्क २,००० असेल तर २०० रुपये, बस.

भाडं बरोबर आहे का, ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा. पोर्टलवरचे आकडे मागणीचे असतात, ठरलेले नसतात. पण गुंतवणूक म्हणून बघत असाल तर कागद-पेन्सिल घ्या. समजा फ्लॅट ६० लाखांना पडला. वर्षाचं भाडं २,१६,०००, म्हणजे ३.६ टक्के. त्यातून मेंटेनन्सचे समजा ३०,०००, मिळकतकराचे १०,०००, एक महिना रिकामा गेला त्याचे १८,००० आणि एजंटचे १८,००० काढा. उरले १,४०,०००, म्हणजे जेमतेम २.३ टक्के. ६० लाख किंमत धरताना पुण्यातली ७ टक्के स्टॅम्प ड्यूटी आणि ३०,००० रजिस्ट्रेशन आपण मोजलेलंही नाही. कर्जाचा हप्ता भाड्यातून निघेल असं कोणी सांगितलं असेल तर तो फ्लॅट विकणारा होता. फर्निचरचं म्हणाल तर वॉर्डरोब, किचन ट्रॉली, गीझर, पंखे एवढंच करा. सोफा-टीव्ही दिलेत की दुरुस्तीचे फोन तुम्हालाच येणार.

आता दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मालक परदेशात असेल तर भाडेकरूला भाड्यातून ३० टक्के अधिक सेस एवढा टीडीएस (देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो, रक्कम कितीही छोटी असो. त्याच्या वतीने इथे सही करणाऱ्यासाठी तिथे केलेली पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला स्टॅम्प भरून घ्यावी लागते. न्यू जर्सीहून कुरिअरने आलेला कागद कपाटात वर्षभर पडलेला असतो आणि अंगठ्याच्या दिवशी सगळ्यांना घाम फुटतो. (निवासी मालकाला भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरू २ टक्के कापतो, तुम्हाला ते लागू नाही.)

दुसरं म्हणजे कलम २४ फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकान किंवा ऑफिस दिलं असेल तर तो जलद रस्ता नाही, नेहमीचाच दावा लावावा लागतो. कलम ५५ मात्र तिथेही लागू आहे, म्हणजे रजिस्टर नसेल तर अटी समोरचा सांगेल त्या. मेव्हण्यांचा सिंहगड रोडला एक गाळा आहे. तोही नोटरीवरच दिलाय.