“एवढा छान केक येतो, मग विकत का नाहीस?”

“सगळे मला असंच विचारतात. पण मॅडम, हल्ली व्हॅनिलाचा वास आला तरी माझ्या पोटात गोळा येतो,” त्या म्हणाल्या आणि ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या. जूनचा पहिला आठवडा होता. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवत होता. वय अडतिशीच्या पुढे, घर जुळे सोलापुरात, यजमान टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, मुलगी सातवीत, घरात सासूबाई. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. समोर मी त्यांना ताई म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

ताईंचा प्रश्न एका ओळीचा होता. “हातात कला आहे, घरात ओव्हन आहे, लोक ऑर्डर द्यायला तयार आहेत आणि मला करावंसंच वाटत नाही. मी आळशी आहे का?”

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाची मेंदी असते, कुणाचं शिवणकाम, कुणाची लोणची. गेल्या काही वर्षांत मात्र केक सगळ्यांत जास्त. 2020च्या टाळेबंदीत घरोघरी केक झाले, आणि ज्यांचे चांगले जमले त्यांना पहिल्या आठवड्यातच कुणीतरी म्हणालं, “अगं, विकायला काढ की!” म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण ते वाक्य शंभर वेळा ऐकलं की त्याची मागणी होते.

ताईंचा पहिला केक कुकरमधला. तळाला मीठ पसरलेलं, झाकणाची शिट्टी आणि रिंग काढलेली, आत रवा, दही आणि साखरेचं मिश्रण. वरून थोडा चिरलेला, पण दही आणि सोड्याने छान जाळी पडली होती. मुलीने तो गरम असतानाच तोडला. ते सांगताना ताईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. पुढे ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन घेतला, हप्त्यावर. संत्र्याचा केक, खजूर-अक्रोडाचा केक, गव्हाच्या पिठाची बिस्किटं. “सगळ्यात काय आवडायचं?” मी विचारलं. मला वाटलं, खाणाऱ्यांचं कौतुक म्हणतील. त्या म्हणाल्या, “काचेसमोर बसणं. मी आणि लेक फरशीवर मांडी घालून बसायचो. केक वर येताना बघायचो.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. स्वयंपाकघरातल्या इतर कामांत बाईचा हात सुटत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर शेवटी घालता येतं, पोळी करपायला लागली तर चटकन उलटता येते. केक एकदा आत गेला की आपलं काही चालत नाही. घाईने दार उघडलं तर आतली रचना पक्की झालेली नसते, गार हवा लागते आणि मधला भाग बसतो. म्हणजे 180 अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं नुसतं थांबायचं. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या हाकेला ओ देणाऱ्या बाईला ही थांबण्याची सक्ती किती गोड वाटत असेल, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

ऑर्डरी सुरू झाल्या आणि नेमकी तीच मिनिटं गेली. एक केक आत असताना दुसऱ्याचं क्रीम फेटायचं, खोका जुळवायचा, फोनवर नाव विचारून घ्यायचं, ‘चि.’ लिहू की नको. रात्री तुपा-लोण्याचे टिन घासायचे, तेही नळाला पाणी रोज येत नाही अशा गावात. आणि सोलापूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. व्हिप्ड क्रीम थंडीत उभं राहतं, या उन्हात दहा मिनिटंही धीर धरत नाही. अशाच एका दुपारी दोन मजली केक घेऊन यजमान दुचाकीवरून अशोक चौकाकडे निघाले, मागे ताई खोका मांडीवर धरून. पोचेपर्यंत वरचा मजला कलला होता. वाढदिवसाच्या घरी कुणी फार बोललं नाही, पैसेही दिले. पण खोका उघडताना त्या लहान मुलाचा जो चेहरा झाला, तो ताईंच्या डोळ्यांपुढून जाईना. त्या दिवसापासून ओव्हन बंद. त्यावर सासूबाईंनी टॉवेल टाकून ठेवला होता.

समुपदेशक म्हणून इथे माझं पहिलं काम केकचं नव्हतं. आवडतं काम नकोसं होणं हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं. म्हणून मी झोप, भूक, थकवा, रडू, जगण्याबद्दलचे विचार, सगळं सविस्तर विचारलं. ताईंची झोप मे महिन्यात मोडली होती, पण आता सावरत होती. लेकीबरोबर सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाणं, बहिणीशी गप्पा, सकाळी झाडांना पाणी घालणं, हे सगळं अजून आवडत होतं. कोमेजलं होतं ते एकच. तुमच्या बाबतीत तसं नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर कृपा करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन केला तरी चालतो.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना हिशेबाची वही आणायला सांगितलं होतं. एक किलोचा केक 700 रुपयांना. सामान, खोका आणि वीज धरून 380 गेले. उरले 320. वेळ मोजला, बाजारहाट आणि भांडी धरून साडेचार तास. ताशी साधारण 71 रुपये. ताई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे मी इतके दिवस...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही घाई केली नाही. आळस नावाचा जो दोष त्या स्वतःवर घेत होत्या, त्याला या वहीत जागाच नव्हती.

मग मी त्यांना एक प्रयोग सांगितला. 1973 साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना तीन गटांत विभागलं. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस की प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. काही दिवसांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली. ज्यांनी बक्षिसासाठी चित्रं काढली होती, ती मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं होतं, त्यांची आवड तशीच राहिली. बक्षीस वाईट नव्हतं. ‘हे मी त्याच्यासाठी करतोय’ हा करार आधी झाला, तिथे आवड कमी झाली. ताई म्हणाल्या, “माझ्या लेकीलाही मी कधीची काचेसमोर बसवलेली नाही. खोके चिकटवायला बसवते.”

सगळ्यांनी ऑर्डरी बंद कराव्यात असं माझं म्हणणं अजिबात नाही. केकवर घर चालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्या कष्टांबद्दल मला फार आदर आहे, आणि त्यांच्याशी मी दर, वेळ आणि विश्रांती याबद्दल बोलते. ताईंच्या घरात निकड किती आहे हे मात्र यजमानांना विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यांना बोलावलं. गृहस्थ शांत. आधी म्हणाले, “हप्ता संपलाय, तिच्यावर माझा काही दबाव नाही.” मग थोड्या वेळाने, “कारखान्यात पाळ्या कमी झाल्यात. हिचे चार पैसे येतात तेव्हा मला रात्री झोप लागते, एवढंच.” हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. ताईंना वाटत होतं, आपल्या कलेची किंमत यांच्या लेखी पैशात आहे. यजमानांना वाटत होतं, हिला काळजी कळू नये. पुढचा पाऊण तास दोघं एकमेकांशीच बोलले, मी जवळजवळ गप्प होते. ठरलं ते असं, दिवाळीपर्यंत एकही ऑर्डर नाही. दिवाळीत फक्त नानकटाई, आधी ठरवलेली किलोची संख्या, घरी येऊन न्यायची.

नानकटाई का, त्याचं कारण घरच्या अभ्यासात होतं. मी सांगितलं होतं, एक पदार्थ भाजा. कुणाचा वाढदिवस नको, फोटो नको, आणि तो आत असताना दुसरं काम नको. ताईंनी नानकटाई निवडली, कारण त्यांच्या लहानपणी आई मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत घेऊन जायची. भट्टीवाला तिथेच मळून, भाजून द्यायचा. ट्रेवर आपले कोणते हे ओळखायला आई प्रत्येकावर चारोळीचा दाणा दाबायची. घरी आणताना डबा इतका गरम असायचा की फ्रॉकच्या घेरात धरावा लागायचा.

त्यांनी तूप हाताने फेसलं. पांढरं, हलकं होईपर्यंत, पंधरा मिनिटं. मिक्सर हाताशी असूनही. मैद्यात थोडं बेसन, थोडा रवा, वेलची. मंद आचेवर, 160 अंशांवर. आणि काचेसमोर लेकीबरोबर बसल्या. पहिली खेप त्यांनी कडक होईपर्यंत आत ठेवली, कारण नानकटाई बाहेर काढताना मऊच असते आणि गार झाल्यावर खुसखुशीत होते हे त्या घाईत विसरल्या होत्या. खालून लागली. “मग काय केलंत?” “चहात बुडवून खाल्ली. छान लागली, मॅडम.” ऑर्डरच्या दिवसांत अशी खेप कचऱ्यात गेली असती आणि रात्री रडणं झालं असतं.

ऑगस्टमध्ये हिमाचलची सफरचंदं बाजारात उतरली, हवा जरा निवली, तेव्हा ताईंनी बरेच दिवस मनात असलेला ॲपल पाय करायला घेतला. आपल्याकडे त्याची ऑर्डर कुणी देत नाही, म्हणून तो राहूनच गेला होता. पायच्या पिठाची तऱ्हा केकच्या उलट. लोणी वितळू द्यायचं नाही. थंड लोण्याचे तुकडे पिठात तसेच राहिले तरच ओव्हनमध्ये त्यांतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. ताईंनी पहाटे साडेपाचला, मैदासुद्धा फ्रीजमध्ये ठेवून, बर्फाच्या पाण्याने पीठ भिजवलं. सफरचंदं गोडच मिळाली, म्हणून लिंबू पिळलं, दालचिनी घातली, आणि निम्म्या साखरेच्या जागी गूळ.

शेवटच्या भेटीत त्या हे सांगायला आल्या, डबा घेऊन. सारण भरून वरची पारी घातली तेव्हा सासूबाई चष्मा लावून शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. महिनाभर ओव्हनवर टॉवेल टाकणाऱ्या त्याच सासूबाई.

“अगं, ही तर करंजीच की! ताटाएवढी.”

काट्याने कडा दाबायला ताई निघाल्या तर सासूबाईंनी त्यांचा हात बाजूला केला. “ते काय खुपसतेस? सर.” आणि त्या म्हाताऱ्या बोटांनी गोल फिरत, टिनच्या सगळ्या कडेला मुरड घालून दिली. मग गुडघे धरत धरत त्याही काचेसमोर फरशीवर बसल्या.

डब्यात माझ्यासाठी एक तुकडा होता. एका बाजूला मुरड अजून तशीच उभी होती.